उंबरठ्याबाहेर नांव हवें

आमच्या शाळेंतील बरेच विद्यार्थी आतां संगणकासाठीं प्रोग्राम लिहूं लागले आहेत, ही मोठ्या समाधानाची गोष्ट होय. कोणी ग्रंथालयांतील पुस्तकांची यादी ठेवतो, कोणी क्रिकेटच्या सामन्यांचे आंकडे जुळवितो, कोणी वर्गाच्या गुणांची बेरीज यंत्राकडून करून घेतो. हा उद्योग पाहून आम्हांस कौतुक वाटतें. परंतु कौतुकाबरोबरच त्यांतील एक संवय आम्हांस खटकते, आणि ती वेळींच दाखविली नाहीं तर पुढें अंगवळणी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच. ती संवय म्हणजे वस्तूस नांव न देतां काम उरकण्याची. जी माहिती एका हातांतून दुसऱ्या हातांत जावयाची आहे, ती कशाची आहे हें न सांगतांच पुढें ढकलावयाची, आणि घेणाऱ्यानें तें ओळखून घ्यावें अशी अपेक्षा ठेवावयाची, ही ती रीत. आमचें मत असें कीं, प्रोग्राम लिहितांना जें घरांतल्या घरांत राहतें तें निनांवी असलें तरी चालेल. परंतु जें उंबरठा ओलांडतें त्यास नांव दिलेंच पाहिजे. हें मत आम्ही येथें सकारण मांडीत आहों. ज्या पालकांनीं आयुष्यांत एकही प्रोग्राम लिहिला नाहीं, त्यांनींही हें वाचावें अशी विनंति आहे. कारण प्रश्न यंत्राचा दिसत असला तरी मुळांत तो व्यवहाराचा आहे.

प्रथम प्रकार म्हणजे काय तें पाहूं. संगणकाच्या पोटांत सर्व कांहीं आंकडेच असतात. विद्यार्थ्याचें वय, त्याचे गुण, त्याच्याकडे थकलेलीं पुस्तकें, घरापासून शाळेचें अंतर, हीं सर्व तेथें सारखींच दिसतात. यंत्र त्यांत भेद करीत नाहीं; भेद करावयाचा तो माणसानें. आपल्या मुंबईंतच याचा दाखला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत प्रा. आर. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखालीं बांधलेला संगणक १९६० सालीं पूर्णपणें कामास लागला. त्याच्या स्मृतींत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत असत. त्यांपैकीं कोणता शब्द म्हणजे मोजमाप आणि कोणता म्हणजे आज्ञा, हें नुसत्या शब्दाकडे पाहून कळण्याजोगें नव्हतें. जो प्रोग्राम लिही त्यानेंच तें ध्यानांत ठेवावयाचें. पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं १९६२ सालीं त्या यंत्राचें टिफ्रॅक असें नामकरण केलें. यंत्रास नांव मिळालें. त्याच्या पोटांतील आंकडे मात्र निनांवीच राहिले.

पुढें प्रोग्राम मोठे झाले, ते लिहिणारीं माणसें वाढलीं, आणि एकाच्या ध्यानांतील गोष्ट दुसऱ्यास कळेनाशी झाली. म्हणून आंकड्यांवर अर्थाची मोहोर उठविण्याची युक्ति निघाली. तीच टाइप, म्हणजे प्रकार. नॉर्वेंतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर या दोघांनीं १९६७ सालच्या सिम्युला भाषेंत क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पना पुढें आणिल्या. क्लास म्हणजे नांव असलेला सांचा, आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या सांच्यांतून काढलेली वस्तु. आमचे विद्यार्थी ज्या जावा, सी-शार्प, पायथन इत्यादि भाषा शिकतात, त्या सर्व या कल्पनेच्या ऋणी आहेत.

नांवाशिवाय आंकडा किती पांगळा असतो, हें समजण्यास संगणकाची आवश्यकता नाहीं. दादर स्थानकाचा पूल चढलें कीं पुरें. दादरला पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे शेजारीं शेजारीं उभ्या आहेत. अनेक वर्षें दोहोंचे फलाट आपापल्या एकपासून मोजले जात. एकाच रेल्वेनें रोज येणाऱ्या-जाणाऱ्या नोकरदारास त्यांत कांहीं अडचण नव्हती; त्याचा एक नंबर त्यास ठाऊक होता. पण पूल ओलांडून एका रेल्वेवरून दुसरीवर जाणारा, किंवा कोंकणांतून सामानसुमान घेऊन प्रथमच उतरलेला प्रवासी काय करील? ‘एक नंबरवर या’ या निरोपाचे त्याच्यापुढें दोन अर्थ उभे राहत. अखेरीस ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेच्या फलाटांचे १ ते ७ हे आंकडे तसेच ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांस ८ ते १४ हे आंकडे देण्यांत आले. त्यासाठीं फलाट जागचे हालवावे लागले नाहींत कीं रूळ उखडावे लागले नाहींत; बदलली ती केवळ खूण. तेवढ्यानें निरोपाचा अर्थ एकच झाला. आपल्या बाजूस राहणाऱ्यास जुनी खूण पुरत होती. पूल ओलांडणाऱ्यास ती पुरत नव्हती. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण आमचें पुढील सर्व म्हणणें त्यावरच उभें आहे.

आतां निनांवी प्रकाराकडे वळूं. सी-शार्प भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर २००७ सालीं अशी सोय आली कीं, प्रोग्राम लिहिणाऱ्यानें निराळा क्लास न लिहितां जागच्या जागीं दोन-चार बाबींची एक मोट बांधावी. त्या मोटेस कंपायलर, म्हणजे आपला मजकूर तपासून यंत्राच्या भाषेंत उतरविणारा प्रोग्राम, स्वतःपुरतें एक नांव देतो; परंतु तें नांव लिहिणाऱ्यास वापरतां येत नाहीं. यासच निनांवी प्रकार म्हणतात. ही सोय निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. शेंकडों नोंदींतून हव्या तेवढ्या बाबी निवडाव्या, त्या क्रमानें लावाव्या आणि तेथल्या तेथें छापून मोकळें व्हावें, अशा कामासाठींच ती निर्माण झाली, आणि त्या कामीं ती उत्तम आहे. भाषेच्या रचनाकारांनीं तिला कुंपणही घालून ठेविलें आहे. फंक्शन आपल्या हातांत काय परत देणार हें जेथें लिहावयाचें असतें, तेथें या मोटेचा उल्लेख करतां येत नाहीं, कारण उल्लेख करावयास तिला नांवच नाहीं. पण कुंपण आलें कीं चोरवाटही येते. मोट नुसती ‘ऑब्जेक्ट’ म्हणून, म्हणजे ‘ही कसली तरी वस्तु आहे’ एवढेंच सांगून पाठवावी. किंवा ‘डायनॅमिक’ असें लिहून सर्व तपासणी प्रोग्राम चालेपर्यंत पुढें ढकलावी. आमच्या विद्यार्थ्यांस खोड लागते ती या चोरवाटेची. पायथनमध्यें तर कुंपणही नाहीं. तेथें डिक्शनरी नांवाच्या पेटींत वाटेल तें घालून ती वाटेल त्याच्या हातीं देतां येते.

यांत बिघडलें कोठें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर मुंबईच्या डबेवाल्यांनीं केव्हांच देऊन ठेविलें आहे. घरांत आई पान वाढते, तेव्हां त्या पानावर कोणी चिठ्ठी लावीत नाहीं. वाढणारीस ठाऊक असतें, जेवणाऱ्यास ठाऊक असतें. खुणेचें कारणच पडत नाहीं. पण तेंच जेवण डब्यांत भरून परळहून किंवा दादरहून फोर्टांतल्या कचेरीकडे निघालें कीं गोष्ट पालटते. महादू हावजी बच्चे यांनीं १८९० सालीं सुरू केलेल्या या वाहतुकींत एक डबा वाटेंत अनेक हातांतून जातो. घरून उचलणारा निराळा, गाडींतून नेणारा निराळा, कचेरीच्या मजल्यावर पोंचविणारा निराळा. यांपैकीं कोणी झाकण उघडून आंत भाजी कोणती तें पाहत नाहीं. डबा कोठून निघाला, कोठें उतरावयाचा, कोणत्या इमारतींत व कोणत्या मजल्यावर जावयाचा, एवढें झाकणावर रंगविलेल्या अक्षरांनीं व आंकड्यांनीं सांगितलेलें असतें, आणि तेवढ्यावर तो ज्याचा त्यास मिळतो. ती खूण पुसली गेली तर आंतलें अन्न तेंच राहील, चवही तीच राहील; पण डबा मात्र कोणाचाच राहणार नाहीं. प्रोग्रामांतील माहितीचेंही अगदीं असेंच आहे. एका फंक्शनच्या चार भिंतींत ती वाढलेल्या पानासारखी असते. तेथून निघाली कीं ती डब्यासारखी होते.

एक साधें उदाहरण घेऊं. समजा, एका विद्यार्थ्यानें शाळेसाठीं दोन याद्या तयार केल्या. पहिलींत प्रत्येकाचें नांव, तुकडी आणि संख्या. ही संख्या म्हणजे गणितांतील गुण. दुसरींतही नांव, तुकडी आणि संख्या. पण ही संख्या म्हणजे ग्रंथालयास परत न केलेलीं पुस्तकें. दोन्ही याद्यांतील मोटा निनांवी. सी-शार्पचा नियम असा कीं, एकाच प्रकल्पांतील दोन निनांवी मोटांमधील बाबींचीं नांवें, त्यांचे प्रकार आणि त्यांचा क्रम हीं तिन्ही जुळलीं, तर त्या मोटा एकाच प्रकारच्या समजाव्या. झालें! गुणांच्या जागीं थकलेल्या पुस्तकांची यादी गेली तरी कंपायलर चकार शब्द काढणार नाहीं. त्याच्या दृष्टीनें दोन्ही एकच. मग प्रत्येक पुस्तक वेळेवर परत करणारी एखादी मुलगी गणितांत शून्य मिळवून खालीं बसेल, आणि तीन पुस्तकें घरीं दडवून ठेवणारा तिच्यावर जाईल. वाचणाऱ्यास हंसूं येईल. परंतु प्रगतिपुस्तक घरीं गेल्यावर त्या मुलीस हंसूं येणार नाहीं.

आतां त्याच विद्यार्थ्यानें पहिल्या प्रकारास ‘गुणनोंद’ आणि दुसऱ्यास ‘थकबाकीनोंद’ असें नांव दिलें असतें तर? बाबी त्याच, आंकडे तेच. पण कंपायलरनें तेथेंच हात धरला असता, कीं येथें गुणनोंद हवी आणि तुम्ही थकबाकीनोंद देत आहां. चूक प्रोग्राम चालण्यापूर्वींच, लिहिणाऱ्याच्या टेबलावरच सांपडली असती. जी चूक लिहिणाऱ्यास पांच मिनिटांत सुधारतां येते, तीच वापरणाऱ्याच्या घरीं पोंचली म्हणजे तिचें निवारण करण्यास कित्येक दिवस लागतात आणि शाळेची अब्रूही जाते.

पायथन लिहिणाऱ्यांनींही आपण सुटलों असें मानूं नये. डिक्शनरींत ‘गुण’ ही बाब ठेवावयाची असतां कोणी ऱ्हस्वाचें दीर्घ करून ‘गूण’ लिहिलें, तर यंत्र रागावत नाहीं. तें मुकाट्यानें ‘गूण’ या नांवाची नवीच बाब तयार करितें, आणि जुने गुण होते तसेच राहतात. मराठीच्या तासाला शुद्धलेखनाचा कंटाळा करणाऱ्यांनीं याचा अवश्य विचार करावा! त्याच भाषेंत २०१८ सालच्या ३.७ या आवृत्तीपासून डेटाक्लास नांवाची सोय आहे. तिच्या योगें चार ओळींत नांव असलेला प्रकार बनवितां येतो, आणि नवी नोंद तयार करतांना चुकीच्या नांवाची बाब पुढें केली कीं प्रोग्राम तेथेंच अडतो.

नांव असलेल्या प्रकाराचा लाभ एवढ्यावरच थांबत नाहीं. नांव मिळालें म्हणजे त्या वस्तूचे नियम ठेवावयास एक घर मिळतें. गुण शून्याखालीं जाऊं नयेत, शंभरावर जाऊं नयेत, पस्तीसपासून पुढें उत्तीर्ण समजावें, असे नियम गुणनोंदीच्या क्लासमध्यें एकदां लिहिले कीं सर्वत्र पाळले जातात. निनांवी मोटेस स्वतःचे नियम लिहून ठेवण्याची सोय नसते. म्हणून तोच नियम दहा ठिकाणीं दहा तऱ्हांनीं लिहिला जातो, आणि पुढें नियम बदलला कीं नऊ ठिकाणीं बदलून दहावें विसरलें जातें. शिवाय ज्या गोष्टीस नांव आहे तिचा शोध करतां येतो. ‘गुणनोंद कोठें कोठें वापरली आहे?’ असें विचारल्यास एडिटर क्षणांत सर्व जागा दाखवितो. ‘ती तीन बाबींची मोट कोठें कोठें आहे?’ हा प्रश्न मात्र त्यास विचारावा तरी कसा?

जावा भाषेंत निनांवी क्लास लिहिण्याची सोय १९९७ सालच्या १.१ या आवृत्तीपासून आहे. ही सोय सी-शार्पमधल्या मोटेहून निराळी आहे, कारण तींत वर्तनही लिहितां येतें. परंतु नांव नसण्याचा त्रास तोच. असा क्लास बिघडला कीं चुकीच्या अहवालांत बाहेरच्या क्लासचें नांव, त्यापुढें डॉलरचें चिन्ह आणि त्यापुढें नुसता एक आंकडा छापून येतो. गिरगांवांतील एखाद्या चाळीचें नांव आणि खोलीचा नंबर कळावा, पण आंत राहतो कोण तें कळूं नये, तशांतला हा प्रकार. आणि त्याच चाळींत अलीकडे एक खोली नवी घातली कीं पुढच्या सर्व खोल्यांचे नंबर सरकतात! काल ज्यास ‘दोन’ म्हणत होतों तोच आज ‘तीन’ होतो. रात्रीं अडलेला प्रोग्राम दुरुस्त करावयास बसलेल्या माणसानें अशा पत्त्यावर कोणास शोधावें?

निनांवी आंकडा हातांतून हातांत जातांना काय होतें, याचें जगप्रसिद्ध उदाहरण मंगळाच्या वाटेवरचें आहे. अमेरिकेनें ११ डिसेंबर १९९८ रोजीं सोडलेलें मार्स क्लायमेट ऑर्बिटर हें यान २३ सप्टेंबर १९९९ रोजीं मंगळापाशीं पोंचतांच नाहींसें झालें. यानाच्या लहान इंजिनांनीं दिलेल्या रेट्याचे आंकडे पृथ्वीवरील एक प्रोग्राम पौंडांच्या इंग्रजी मापांत देत होता, आणि ते घेऊन मार्ग ठरविणारा दुसरा प्रोग्राम ते न्यूटनच्या मापांत आहेत असें धरून चालत होता. एका मापांत दुसऱ्याच्या सुमारें ४.४५ पट अंतर. दोन्हींकडे विद्वान माणसें होतीं. बेरीज-वजाबाकींत कोणी चुकलें नव्हतें. आंकड्याबरोबर त्याचें नांव गेलें नाहीं, आणि यान ठरल्यापेक्षां फारच खालून मंगळाच्या वातावरणांत शिरलें. सुज्ञ प्रोग्रामर अशा जागीं नुसती संख्या न देतां ‘न्यूटन-सेकंद’ आणि ‘पौंड-सेकंद’ असे दोन निराळे प्रकारच करितात, तें याचसाठीं.

येथें कांहीं आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा कीं, प्रत्येक बारीकसारीक गोष्टीस नांव देऊं लागलें तर नांवांचा नुसता पसारा होईल. हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही प्रत्येक गोष्टीस नांव द्या असें म्हणतही नाहीं. स्वयंपाकघरांतल्या मिसळणाच्या डब्यांत हळद, तिखट, मोहरी, जिरें यांच्या वाट्यांवर कोणती गृहिणी चिठ्ठ्या लावते? तिचा हात अंधारांतही बरोबर पडतो. पण लालबागच्या मसाल्याच्या दुकानांतून घरोघर जाणाऱ्या पुड्यांवर चिठ्ठी नसेल, तर मालवणी कोणता आणि गोडा कोणता हें कळण्यास नाक खुपसावें लागेल. वाटीस चिठ्ठी नको, पुडीस हवी. हाच आमचा नियम. फंक्शनच्या आंत जन्मलेली आणि आंतच संपणारी मोट खुशाल निनांवी ठेवावी. तिला नांव देणें हा उलट वाचणाऱ्यास भार होईल.

दुसरा आक्षेप श्रमाचा. पूर्वीं एक क्लास लिहावयाचा म्हणजे कित्येक ओळी खरडाव्या लागत, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ती सबब आतां उरली नाहीं. सी-शार्पच्या नवव्या आवृत्तींत २०२० सालीं आणि जावाच्या सोळाव्या आवृत्तींत २०२१ सालीं रेकॉर्ड ही सोय कायम झाली. तिच्यांत प्रकाराचें नांव आणि त्यांतील बाबी एका ओळींत लिहितां येतात. दोन नोंदी समान आहेत कीं नाहींत हें पाहण्याची, नोंद वाचण्यासारखी छापण्याची वगैरे व्यवस्था भाषाच लावून देते. निनांवी मोट बांधण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून या ओळीस फार तर अर्धा मिनिट अधिक लागेल. त्या अर्ध्या मिनिटांत लिहिणाऱ्यास एक गोष्ट करावीच लागते: आपण काय बनवीत आहों याचा विचार. आमच्या मतें खरा कंटाळा लिहिण्याचा नसतो, तो या विचाराचा असतो. ज्या वस्तूस नांव सुचत नाहीं, ती वस्तु आपणांस अजून नीट समजलेली नाहीं, असें खुशाल समजावें.

तिसरा आक्षेप असा कीं, वाईट नांवापेक्षां नांव नसलेलें पत्करलें. हें तर आम्ही दोन्ही हात वर करून मान्य करितों. ‘माहिती’, ‘डेटा २’, ‘नवीन वस्तु’ हीं नांवें नव्हेत. तीं नांव दिल्याचें सोंग आहे. डब्याच्या झाकणावर ‘डबा’ असें रंगवून काय उपयोग? नांव असें असावें कीं, तें ऐकतांच शाळेच्या कचेरींतील कारकुनास किंवा ग्रंथपालास ‘होय, हेंच तें’ असें वाटावें. ते ज्यास थकबाकी म्हणतात त्यास आपणही थकबाकीच म्हणावें. उगाच नवा शब्द घडवूं नये. शंका आली तर उठून त्यांस विचारावें. प्रोग्राम लिहिण्याच्या कामांतील फार मोठा भाग असा विचारण्याचाच आहे. आणि आमच्या विद्यार्थ्यांस हेंही ठाऊक असावें कीं, जावा, सी-शार्प आणि पायथनची तिसरी पिढी या तिन्ही भाषांत प्रकारांचीं नांवें देवनागरींतही लिहितां येतात. पुढें परदेशस्थ सहकाऱ्यांबरोबर काम करतांना इंग्रजी नांवें वापरावीं लागतील, तो निराळा व्यवहार; परंतु शिकतांना ज्या भाषेंत आपण विचार करितों त्या भाषेंत नांव देऊन पाहावें, म्हणजे आपला विचार किती स्पष्ट आहे याची परीक्षा आपोआप होते.

चौथा आक्षेप नव्या काळाचा आहे. आतां यंत्रच प्रोग्राम लिहून देतें; मग माणसानें नांवांची चिंता कां वाहावी? आमचें उत्तर उलट आहे. लिहिणें जितकें सोपें झालें, तितकें वाचणें अधिक महत्त्वाचें झालें. यंत्रानें क्षणांत शंभर ओळी पुढें टाकल्या, तरी त्या बरोबर आहेत कीं नाहींत हें ठरविण्याची जबाबदारी ज्यानें त्या मागितल्या त्याचीच असते. ज्या ओळींत सर्व मोटा निनांवी आहेत, त्या वाचून काय ठरविणार? गुणनोंद कोणती व थकबाकी कोणती, हें त्या शाळेंत शिकणाऱ्या मुलास ठाऊक आहे. हजारों शाळांचे प्रोग्राम पाहिलेल्या यंत्रास तें सांगितल्याशिवाय ठाऊक नाहीं. म्हणून यंत्राकडून काम घेतांनाही प्रथम आपल्या वस्तूंचीं नांवें ठरवावीं आणि मग काम सांगावें.

पालकांस आमची एवढीच सूचना आहे. आपला मुलगा किंवा मुलगी आपण लिहिलेला प्रोग्राम कौतुकानें दाखवावयास आली, तर ‘चालतो का?’ एवढ्यावर थांबूं नये. त्यांतील एखादी वस्तु दाखवून ‘हें काय आहे?’ असें विचारावें. उत्तर एका शब्दांत आलें, आणि तोच शब्द पडद्यावरही लिहिलेला असला, तर काम चांगलें झालें असें समजावें. त्यासाठीं पालकांस संगणकशास्त्र येण्याची गरज नाहीं. गिरणींत, कचेरींत किंवा दुकानांत ज्यांनीं हातांनीं माल पुढें दिला आहे, त्यांस हा प्रश्न आमच्याहून चांगला विचारतां येईल.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस सांगावयाचें तें इतकेंच. आज तुमचा प्रोग्राम तुम्हीच लिहितां, तुम्हीच चालवितां आणि तुम्हीच दुरुस्त करितां. म्हणून सर्व कांहीं तुमच्या ध्यानांत राहतें. पण शाळेची यादी पुढल्या वर्षीं तुमच्या मागची तुकडी चालविणार आहे, आणि तेव्हां तुम्ही येथें नसाल. त्या मुलांस तुमचा चेहरा दिसणार नाहीं, तुमचा हेतु ऐकूं येणार नाहीं. त्यांच्या हातीं पडतील तीं केवळ तुम्हीं ठेविलेलीं नांवें. त्यांच्याशीं तुमचें जें कांहीं बोलणें व्हावयाचें, तें त्या नांवांतूनच होणार आहे. तें स्पष्ट आणि खरें असूं द्या.